आजचं चिंतन : मांजरीचे दात आणि लशीची सुई



ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय चालू आहे आपला. ज्ञानाची लक्षणं. अमानित्व झालं, अदंभित्व झालं, आज तिसरं लक्षण, अहिंसा. मूळ श्लोकात हा नुसता एक शब्द आहे. माउली मात्र इथे थांबतात, आणि चांगलेच थांबतात. वाचताना वाटतं, अहो, अहिंसा म्हणजे कोणाला मारू नये, एवढंच ना? मग इतका विस्तार कशाला?

कशाला ते पहिल्या काही ओव्यांतच कळतं. माउली आधी इतरांची मतं मांडतात. पाऊस नाही, लोक हवालदिल झालेत, म्हणून यज्ञ करायचा. आणि त्या यज्ञाच्या मुळाशीच पशूचा बळी. मग वळतात वैद्यकाकडे. रोग्याचे हाल थांबावेत म्हणून औषध, आणि त्या औषधासाठी कोणाची मुळं खणली, कोणाची साल सोलली, कुठे मुक्या प्राण्याचा जीव घेतला. एका जिवाला वाचवायला दुसऱ्या जिवाला इजा. मग त्यांचे दाखले येतात. ते आपल्या साध्या बोलीत सांगायचे तर, राहती घरं पाडून देवळं बांधायची, अंगावरचं पांघरूण जाळून शेकत बसायचं, असं हे झालं.

दरवर्षी वाचते मी हा भाग. या वेळी मात्र अडकले. कारण गेल्याच महिन्यात हाच भाग माझ्यासमोर आला होता, तोही लस न देण्याचं कारण म्हणून.

माझी भाची आणि तिचा नवरा. गावाचं नाव नको. बाळ नऊ महिन्यांचं. जन्मल्यावर दवाखान्यातच बीसीजी आणि पोलिओचे थेंब झाले होते. सहाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट दिली आणि त्या रात्री बाळाला ताप भरला. मांडी सुजली, रात्रभर रडलं. पहिलंच मूल, दोघंही घाबरून गेले. ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलाही, पण पुढच्या दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या टोचण्या राहिल्या त्या राहिल्याच. आशाताई दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा "बाळाला सर्दी आहे" म्हणून परत पाठवल्या. आता गोवर-रुबेलाची वेळ आली. भाची म्हणते द्यावी, नवरा म्हणतो नको. दोन दिवसांनी तो म्हणतो बघू, तर हिचाच धीर होत नाही. शेवटी मला फोन. "मावशी, तू ये ना गं एकदा. आमचं रोज रात्री तेच चाललंय."

गेले. जेवणं झाल्यावर जावईबापूंनीच विषय काढला. माळकरी घर आहे, वडील वारी करतात, ज्ञानेश्वरी पारायणाला नाही तर रोज वाचायला असते. ते म्हणाले, "मावशी, तुम्ही तर रोज लिहिता यावर. माउलींनीच औषधात हिंसा आहे म्हटलंय की नाही? आणि बाळ बघा, खेळतंय, हसतंय. काही झालेलं नाही त्याला. सुखातला जीव दुःखात कशाला घालायचा? उद्या गोवर आलाच तर ते त्याचं प्रारब्ध. पण सुई मी टोचून आणली आणि काही झालं, तर ते माझ्या हातानं झालं."

परत येताना एसटीत हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात सारखं घोळत होतं. मला ते अडाणीपणाचं वाटलं नाही. उलट असं वाटलं की या विषयावर जेवढे वाद होतात, ते आकड्यांचे दिसतात खरे, पण त्यांच्या तळाशी बहुतेक वेळा हेच एक वाक्य असतं. माझ्या हातानं झालं तर?

आधी माउलींबद्दल. औषधात इजा आहे हे त्यांचं निरीक्षण खोटं नाही, आणि लशीच्या बाबतीत तर मुळीच खोटं नाही. जुनी देवीची लस वासराच्या कातडीवर वाढवत. घटसर्पाचं आणि सर्पदंशाचं औषध घोड्याच्या रक्तातून काढलं गेलं. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी आपल्या देशातून हजारो माकडं परदेशी पाठवली गेली, ती परत आली नाहीत. हे सगळं झाकून "लस म्हणजे शुद्ध अमृत" असं मी म्हणणार नाही. पण माउलींचा रोख कशावर आहे ते बघा. हिंसा करायची आणि तिलाच अहिंसा म्हणायचं, माझे हात स्वच्छ आहेत असा दावा करायचा, त्यावर तो आहे. निदान मी तरी ते असंच वाचते. आणि मग प्रश्न जावईबापूंकडेच परत येतो: लस न देणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात का?

भीती निराधार नसते, हेही मोकळेपणानं सांगायला हवं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं इथेच, ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत, तीनेक महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी तयार झाले. ही हकीकत अभिमानानं सांगतात सगळे. पण पुढची हकीकत कमी लोक सांगतात. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात याच लशीच्या एका बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं गेले. एकाच बाटलीत बाहेरून दोष शिरला होता. ठपका हाफकिनवर आला, आणि तो निर्दोष आहे हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. त्या १९ घरांत कोणी "लस चांगली असते" म्हणायला गेला असता तर त्याला काय उत्तर मिळालं असतं?

आणि इतकं मागे जायलाही नको. २०२१ च्या जानेवारीत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात १२ लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलं वाचली, देवाची कृपा. पण त्या आयांनी पुढच्या वेळी बाटली हातात घेऊन वाचली असेल, तर त्यांना कोणी संशयी म्हणू नये. लस टोचण्याआधी नर्सताईंना बाटलीवरची तारीख दाखवायला सांगणं हा अविश्वास नव्हे. ते आईचं कामच आहे.

आता मोबाइलवर फिरतं ते. लशीमुळे मूल मतिमंद होतं, स्वमग्न होतं, वांझपण येतं वगैरे. यावर फार वेळ घालवत नाही. स्वमग्नतेची गोष्ट १९९८ साली इंग्लंडमधल्या अवघ्या १२ मुलांवरच्या एका लेखातून उठली. तो लेख २०१० मध्ये त्या मासिकानंच मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा परवाना गेला. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासली, तो अभ्यास २०१९ ला आला, त्यात असा काही संबंध सापडला नाही. संपला विषय. ज्याला हे आधीच माहीत आहे आणि तरीही तो तेच पुढे पाठवतो, त्याच्याशी माझं भांडण आहे. ज्याला माहीत नव्हतं आणि जो घाबरला, त्याच्याशी नाही.

खरा हिशोब असा आहे. लस टोचल्यावर ताप येणं, जागा दुखणं, बाळ चिडचिडं होणं हे पुष्कळदा होतं. काही थोड्या मुलांना त्या तापात झटका येतो, तो पालकाचं काळीज हलवून टाकतो, पण बहुधा मागे काही ठेवून जात नाही. जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे एखादी, आणि तेवढ्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. उलट बाजूला गोवर. हजार आजारी मुलांत एखाद्याच्या मेंदूला सूज येते. न्यूमोनिया त्याहून कितीतरी जास्त मुलांना होतो, आणि बहुतेक मुलं दगावतात ती त्यानंच. कुपोषित मूल असेल तर विचारूच नका. आपल्याकडे गोवर म्हणजे "येऊन जातो" असं बोलायची पद्धत आहे. येतो आणि जातो हे खरं, कधीकधी मुलाला घेऊन जातो.

२०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये हे दिसलं. करोनाच्या दोन वर्षांत टोचण्या चुकल्या, कामासाठी घरं बदलली, काही घरांत मन तयार नव्हतं, आणि गोवर शिरला तो एकेका घरातली दोन-तीन मुलं धरत गेला. मुलं गेली. शेवटी महापालिकेला सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. यात त्या वस्तीला नावं ठेवायचं कारण नाही. जिथे दोघंही आई-बाप रोजंदारीवर जातात तिथे टोचणीचा दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी. आमच्या भाचीच्या घरी ही अडचण नव्हती. तिच्या घरी अडचण होती ती विचाराची.

तर आता विचाराकडे येऊ.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितलेलं आठवा. कोणीही, एक क्षणभरसुद्धा, काही न करता राहू शकत नाही. आणि चौथ्यात त्याहून अवघड सांगितलं, की न करण्यातही करणं असतं, ते ज्याला दिसतं तो शहाणा. अर्जुनाचा पेच तरी काय होता? लढलो तर माझ्या हातानं होईल, धनुष्य खाली ठेवलं तर जे होईल ते होईल, माझे हात मोकळे. भगवंत त्याला लढाईचे फायदे-तोटे सांगत बसले नाहीत. त्यांनी त्याच्या "हात मोकळे" या कल्पनेवरच बोट ठेवलं.

म्हणून मी जावईबापूंना विचारलं होतं. म्हटलं, "तुमच्या परड्यात विहीर आहे. तिला कठडा नाही असं धरा. बांधायला काढला तर गवंड्याच्या हातून एखादा दगड निसटून बाळाच्या पायावर पडेल, अशी भीती आहे. म्हणून तुम्ही कठडा बांधलाच नाही. उद्या बाळ रांगत गेलं आणि… तर ते प्रारब्ध म्हणाल?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विहीर दिसते, मावशी. गोवर दिसत नाही."

हे उत्तर मला आवडलं. अगदी खरं आहे ते. आमच्या आईच्या पिढीला तो दिसत होता. आईच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल वण होते, रुपयाएवढे. ती सांगायची की देवी डॉक्टर गावात आला की पोरं ज्वारीच्या शेतात लपायची, आणि आया त्यांना कान धरून ओढून आणायच्या. त्या आया काही शिकलेल्या नव्हत्या. पण शेजारच्या घरात देवीनं डोळे गेलेलं पोर त्यांनी पाहिलेलं होतं. आणि या बायका नास्तिक होत्या म्हणाल तर तसंही नाही. शीतळादेवीला दहीभात नेणाऱ्या त्याच, आणि पोराचा दंड धरून उभ्या राहणाऱ्याही त्याच. रोगालाच देवी म्हणायचं, आणि तो घालवायला टोचायचं त्यालाही देवी काढणं म्हणायचं, ही आपल्या भाषेची गंमत आहे. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. शीतळादेवीचा दहीभात अजून चालू आहे. देवी रागावली नाही.

म्हणजे झालंय असं की लशीनं रोग दिसेनासा केला, आणि रोग दिसेना म्हणून लस नकोशी झाली. सुई दिसते, ताप दिसतो, रात्रभर रडणारं बाळ दिसतं. जे टळलं ते कोणाला कधीच दिसत नाही. आपल्या बाळाला घटसर्प झाला नाही, म्हणून कोणी देवापुढे नारळ फोडत नाही.

इथे एक मोठं नाव घ्यायला हवं, कारण आमच्या बोलण्यात ते निघालं. जावईबापू म्हणाले, "गांधीजीसुद्धा लशीच्या विरोधात होते." होते. दक्षिण आफ्रिकेत असताना आरोग्यावर त्यांनी जी लेखमाला लिहिली, तिच्यात देवीच्या लशीवर कडक लिहिलंय. वासराच्या अंगातलं आपल्या अंगात घालणं म्हणजे मांस खाण्यासारखंच, असा त्यांचा धर्माचा आक्षेप होता. माउलींच्या त्या ओव्यांजवळच जातो तो. पण १९३० साली, दांडीयात्रा निघायच्या सुमारास, साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ आली आणि मुलं दगावली. त्यातला एक मुलगा पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा होता. खरे म्हणजे आपल्या मराठी मातीतले, पलुस्करांचे शिष्य, आश्रमात भजन शिकवणारे. मुलगा गेल्यावर थोड्याच दिवसांत ते त्या यात्रेत चालत निघाले. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. गांधीजींच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण मत मोठ्यांचं असतं आणि रोग मुलांच्या अंगावर येतो, हे मला त्या दिवसापासून विसरता येत नाही. मूल आपल्याला विचारून आपलं मत घेत नाही. त्याला पुढे स्वतःचं मत होईल तेव्हा होईल, तोवर ते जगलं पाहिजे, एवढीच आपल्यावर जबाबदारी.

करणं आणि न करणं यांत काहीच फरक नाही, असं मात्र मी म्हणत नाही. परक्या माणसाच्या बाबतीत असतो थोडा फरक. रस्त्यात कोणाला ढकलणं वेगळं आणि पडलेल्याला न उचलणं वेगळं. कायदाही तसं मानतो. (सावित्रीबाई फुल्यांनी तोही फरक मानला नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन त्या मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात गेल्या आणि त्यातच १० मार्चला त्यांचा अंत झाला. हात लावला नसता तर कोणी एक शब्द बोललं नसतं.) पण आई-बापाला ही सवलत मिळत नाही. ज्यानं मुलाला जेवायला दिलं नाही तो "मी तर काहीच केलं नाही" म्हणू शकत नाही. पाळण्याच्या दोऱ्या ज्यानं हातात घेतल्या, त्याचा हात त्यात आहेच. तो काढून घेतला तरी आहेच.

आणि "माझ्या हातानं" यात एक बारीक मी दडलेला आहे. बाळाला काय होईल यापेक्षा माझ्यावर काय येईल, ही ती भीती. कठोर वाटेल हे. मी जावईबापूंना या शब्दांत बोलले नाही, बोलायला नको होतं, बोलले नाही ते बरंच झालं. पण वाचणाऱ्या तुम्हाला सांगते, आपण सगळेच यात आहोत. म्हाताऱ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या कागदावर सही करताना भावाभावांत पेन कसं फिरतं ते आठवा.

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट होती, जी त्या दोघांच्या वादात येतच नव्हती. जाऊबाईंचं बाळ. दोन महिन्यांचं. एकाच वाड्यात, एकाच अंगणात. गोवराची लस नऊ महिन्यांआधी देत नाहीत, म्हणजे त्या बाळाला अजून सात महिने स्वतःचं असं काहीच रक्षण नाही. आईकडून आलेलं थोडंफार असतं, तेही हळूहळू ओसरतं. आणि गोवर म्हणजे कसा, रोगी खोलीतून निघून गेला तरी दोन तासांपर्यंत हवेत राहणारा. संरक्षण नसलेल्या माणसांत एकाकडून बारा ते अठरा जणांना जाणारा. वारीच्या गर्दीत आपण हातात हात धरून कडं करतो आणि म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या आत घेतो. तसं हे कडं आहे. गोवरासाठी शंभरातले पंचाण्णव हात लागतात. एक हात सुटला तर कडं मोडत नाही हे खरं. पण प्रत्येकाला वाटतं की सुटणारा तो एक हात माझा असू दे.

"मग दुसऱ्याच्या मुलासाठी मी माझ्याला टोचू?" असं भाचीनं विचारलं. जरा चिडूनच. मी म्हटलं, श्रावणातली खुलभर दुधाची कहाणी आठव. राजानं महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा हुकूम काढला. गावानं वासरं तोडली, पोरं उपाशी ठेवली, सगळं दूध ओतलं, गाभारा भरेना. म्हातारीनं आधी घरची मुलं तृप्त केली, वासरं पाजली, आणि उरलेलं खुलभर दूध नेलं. गाभारा भरला. लस ही म्हातारीच्या दुधासारखी आहे. ती पहिल्यांदा तुझ्याच बाळाच्या पोटात जाते. दोन डोस झाले की शंभरातल्या सत्त्याण्णव मुलांना गोवर शिवत नाही. मग जे उरतं, ते जावेच्या बाळाला पुरतं. कोणाच्या तोंडचं काढून कोणाला द्यायचं नाहीये इथे.

आता आजच्या ओव्यांतला माझा आवडता भाग. इतरांची मतं सांगून झाल्यावर माउली स्वतःच्या मनातली अहिंसा सांगतात, आणि ती सगळी चालण्याबोलण्यातली आहे. पाण्यात लाट न मोडता पाऊल टाकणारा बगळा. केसर चुरगळेल या शंकेनं कमळावर हलके पाय ठेवणारा भुंगा. आणि मग मांजरी. पिल्लाला मायेनं तोंडात धरते, तेव्हा तिच्या दातांची टोकं त्याला जशी लागतात, तसं त्या माणसाचं पाऊल भूमीला लागतं.

दात लागत नाहीत असं माउली म्हणत नाहीत बरं का. लागतात. ते उंदीर फाडणारेच दात आहेत. पण पिल्लू जिथे आहे तिथे धोका आहे, तिथून त्याला हलवायचं आहे, आणि मांजरीला हात नाहीत. जे आहे ते तोंडच. बगळा आणि भुंगा यांना निदान दुसरीकडे जायची सोय होती. मांजरीला ती नाही. दात नको म्हणून तिनं पिल्लाला तिथेच ठेवलं, तर त्याला अहिंसा म्हणणार का आपण? मला वाटतं ज्यानं हा दाखला निवडला, त्याला टोचणारी माया ठाऊक होती.

एक सांगायचं राहिलं. या ओव्यांत माउली अहिंसकाच्या बोलण्याबद्दलही सांगतात. त्याच्या बोलण्यात माया आधी पाझरते आणि अक्षरं मागून येतात, असा काहीसा भाव आहे. हे लस देणाऱ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, घ्यायचं. घाबरलेल्या आई-बापाला अडाणी म्हटलं की तो आतून कडी लावून घेतो. प्लेगाच्या वेळी पुण्यात सोल्जर घराघरांत शिरले, त्याचं काय झालं ते आपण शाळेत शिकलो. मला सक्तीपेक्षा त्या आशाताईंचा तिसरा फेरा जास्त पटतो. दोनदा परत पाठवल्या तरी त्या तिसऱ्यांदा आल्या. मी तिथे असतानाच आल्या. ओसरीवर बसल्या, पाणी प्यायल्या, बाळाचं कार्ड मागितलं नाही. "त्या रात्री ताप किती चढला होता हो?" एवढंच विचारलं, आणि भाचीनं सगळी रात्र सांगितली त्यांना, पहिल्यांदा. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच फोन करायचा होता ना. तापाचं औषध किती द्यायचं ते सांगितलं असतं. राहिलेले डोस अजून देता येतात, गेलेले नाहीत ते."

पुढे त्या दोघांनी काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, ते त्यांच्या घरातलं आहे. बाळ छान आहे, पकडून उभं राहतंय आता. जाऊबाईंचं बाळही छान आहे.

वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी टोचण्या राहिल्या असतील तर कार्ड काढून एकदा बघा. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरेची पेंटाव्हॅलंट वर्षाच्या आत सुरू झाली असेल तर पुढे पूर्ण करता येते, गोवर-रुबेलाही उशिरा देता येते. कार्ड हरवलं असेल तरी उपकेंद्रात जा. बाळाला पूर्वी झटका आला असेल, आधीच्या डोसाला अंगावर गांधी उठल्या असतील किंवा कसलं मोठं औषध चालू असेल, तर ते टोचण्याआधी सांगा, लपवू नका.

उद्या पुढचं लक्षण, क्षांती.

रामकृष्ण हरी.